आगाऊ धक्का

खऱ्या धक्क्यासमोर माणसाचं ढोंग टिकत नाही, हा मानवी स्वभावाचा अढळ नियम आहे. विमा कंपन्यांसाठी जळालेल्या, बुडालेल्या आणि कोसळलेल्या मालाची पाहणी करणारे आपले सर्व्हेअर हा नियम उराशी बाळगून नोकरीत म्हातारे होत आले होते. तो नियम एका शनिवारी संध्याकाळी त्यांच्याच घरी, त्यांच्याच सोफ्यावर, त्यांनीच मोडायला घेतला.

सर्व्हेअरांचा सिद्धांत साधा होता. दुकान जळाल्यावर जो मालक कपाळावर हात मारून "लुटलो हो!" म्हणून ओरडतो, त्याच्याकडे नीट बघावं. ज्याला खरोखर धक्का बसतो त्याला ओरडायचं सुचत नाही. तो कोऱ्या चेहऱ्याने उभा राहतो आणि मग काहीतरी भलतंच विचारतो. छप्पर कोसळलेल्या एका बाईंनी त्यांना विचारलं होतं, "माझ्या चपला बाहेर दिसल्या का हो?" गिरणी जळालेला एक गृहस्थ म्हणाला होता, "आज गुरुवार ना?" दोघांचेही दावे सर्व्हेअरांनी डोळे मिटून मंजूर केले होते. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर मात्र कधी काही उमटत नसे. ऑफिसात त्यांना मागून 'फरशी' म्हणत.

घरात या फरशीचा कोणाला फारसा त्रास नव्हता. बायको फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर न हलणारे अवयव हलवून घरी आल्यावर नवऱ्याचा चेहरा हलवायची तिला हौस नव्हती. प्रश्न लेकीचा होता. लेक सोळा वर्षांची झाली आणि तिने बापाशी बोलणं जवळजवळ बंद केलं. भांडण नाही, तंटा नाही. "जेवलीस?" "हो." "कॉलेज?" "ठीक." एवढ्यावर संवाद आटोपे. सर्व्हेअरांनी पुष्कळ पडकी घरं पाहिली होती. हे मात्र कुठून तडकलं ते त्यांना सापडत नव्हतं.

मग एका शनिवारी लेक टीव्हीवर काहीतरी रंगीबेरंगी लावून बसली होती आणि सर्व्हेअर पेपर शोधायला म्हणून तिथे थांबले.

"हे जपानी कार्टून का?"

"ॲनिमे, बाबा."

किनाऱ्यावरचं एक गाव होतं. तिथे वादळं माणसांसारखी चालत येत आणि घरं मोडत. त्यांना परतवून लावण्यासाठी मुलामुलींना छत्री चालवायला शिकवणारी एक शाळा होती आणि तिथे एक पांढऱ्या दाढीचे गुरुजी होते. सर्व्हेअर उभ्याउभ्याच बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "डोळे बशीएवढे आहेत सगळ्यांचे, पण समोरून चालत येणारं वादळ एकालाही दिसत नाही."

लेकीने मान वळवून बघितलं.

"आणि त्या निळ्या केसांच्या बाईचं काय चाललंय? ऐन मारामारीत थांबून लहानपण सांगतेय. तेवढ्या वेळात आमचा पंचनामा उरकतो."

लेक हसली. नुसती हसली नाही, उशीत तोंड खुपसून हसली. सर्व्हेअर अलगद खाली बसले.

त्या दिवसापासून शनिवार ठरला. दर शनिवारी एक भाग, सगळ्यांनी मिळून. बायको शेजारी इस्त्री करत करत अर्धवट बघे. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, खास त्यासाठी गाडी काढून येई. आणि सर्व्हेअर मतं देत. शाळेचं छप्पर दर आठवड्याला उडतं आणि पुढच्या आठवड्यात शाबूत असतं. असा दावा मी दारातूनच परत पाठवला असता. हा नायक जेवताना पडद्यावर जास्त वेळ असतो की लढताना, हे एकदा मोजायला हवं. छत्रीचं कापड मात्र चांगलं दिसतंय, कोणाचं आहे? लेक खिदळे. आठवड्यात मधेच कधी जेवताना म्हणे, "बाबा, गुरुजींबद्दल तुझं काय मत आहे?" असा प्रश्न तिने बापाला यापूर्वी जगातल्या कुठल्याच गोष्टीबद्दल विचारला नव्हता.

नियम एकच होता, आणि तो सर्व्हेअरांनीच केला होता: पुढचा भाग कोणी एकट्याने बघायचा नाही. त्याला कारण होतं. लेकीची जिवाभावाची मैत्रीण ठरलेलं मोडून एकटीच पुढचं बघून आली होती आणि वर धक्का बसल्याचं नाटक करत होती. हे सांगताना लेकीने ताट बाजूला सारलं. "सगळे असंच करतात. तुझ्याबरोबरच फक्त नीट बघता येतं, बाबा." मेहुण्याने पुढच्याच आठवड्यात "थांबा, आता गंमत बघा," असं म्हटलं आणि सर्व्हेअरांनी टीव्ही बंद केला.

"तुम्ही पुढचं बघितलंय?"

"थोडंसंच, भावोजी. म्हणजे... शेवटपर्यंत."

"मग शनिवारी येत जाऊ नका."

"अहो, कार्टूनसाठी सख्ख्या मेहुण्याला घराबाहेर काढता?"

"ॲनिमे," सर्व्हेअर म्हणाले. "आणि या घरात विश्वासाला किंमत आहे."

लेकीने तेव्हा बापाकडे असं काही पाहिलं, की सर्व्हेअर दोन दिवस त्यावर जगले.

*

या पार्श्वभूमीवर गादीच्या गोदामात जे घडलं ते अक्षम्य होतं.

मंगळवारी एका जळालेल्या गोदामात सर्व्हेअर मालकाची वाट बघत बसले होते. मालक मागच्या खोलीची किल्ली शोधायला गेला होता. अर्धवट जळालेल्या गाद्यांच्या थप्पीवर बसून सर्व्हेअरांनी मोबाइल काढला आणि सगळ्यांनी मिळून पाहिलेला सहावाच भाग पुन्हा लावला. हेतू शुद्ध होता. शनिवारी सांगायला दोन-चार ताजी मतं हाताशी असावीत, एवढंच. हल्ली ते मतांची तयारी करून जात.

सहावा संपला आणि सातवा आपोआप सुरू झाला. बंद करायचं बटण कोपऱ्यात होतं. सर्व्हेअरांचा अंगठा त्या दिशेने निघालाही होता. पण पडद्यावर गुरुजी एकटेच सर्वात मोठ्या वादळासमोर चालत गेले, त्यांनी आपली जुनी काळी छत्री मिटली, आणि अंगठा वाटेतच थांबला.

गुरुजी वारले.

गुरुजी जातील हे सर्व्हेअरांच्या स्वप्नातही नव्हतं. मतं देण्याच्या नादात आपला जीव त्या दाढीत गुंतला होता, हे त्यांना गाद्यांच्या राखेत कळलं. पुढे काय झालं हे न बघता थांबणं आता माणुसकीला धरून नव्हतं. त्यांनी आठवाही पाहिला. आठव्यात गुरुजी दीपगृहाच्या तळघरात जिवंत निघाले, दाढी उतरवलेले. तो धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. दाढीखाली त्यांना हनुवटीच नव्हती.

गोदामाचा मालक किल्ली घेऊन आला तो नेमका त्याच क्षणी. फरशी म्हणून ख्याती असलेल्या माणसाचं तोंड उघडं आणि डोळे विस्फारलेले बघून त्याने किल्ली खाली ठेवली.

"साहेब," तो हात जोडून म्हणाला, "चुकलं. अर्धा माल आगीच्या आधीच हलवला होता. तुम्हाला कसं कळलं?"

"कोणता माल?" सर्व्हेअरांनी विचारलं.

नोकरीतला तो त्यांचा सर्वात जलद तपास ठरला. ऑफिसात कौतुक झालं. सर्व्हेअरांना ते गोड लागलं नाही, कारण शनिवार जवळ येत होता आणि शनिवारी त्यांना गुरुजींच्या मरणाने पुन्हा, पहिल्यांदा, धक्का बसणार होता.

*

त्यांनी विचार केला तो धंद्यातला माणूस करील तसाच. कपाळावर हात मारायचा नाही. ते लबाडांचं लक्षण. किंचाळायचं नाही. चेहरा कोरा ठेवायचा, तो तर जन्मजात होता. आणि एक अगदी भलता प्रश्न विचारायचा. लेक पटकन ओळखेल की बापाला खरोखरच धक्का बसलाय. योजनेत फट नव्हती. योजनेत नव्हतं ते इतकंच, की खोलीत आणखी एक धंद्यातलं माणूस इस्त्री घेऊन उभं असणार होतं.

शनिवारी सातवा भाग लागला. गुरुजी वादळाकडे निघाले. लेकीने उशी छातीशी कवटाळली. काळी छत्री मिटली. गुरुजी पडले. लेकीने "नाही!" म्हणून हुंदका दिला आणि तोंड उशीत लपवलं. सर्व्हेअरांचं काळीज हललं. किती निर्मळ दुःख! आणि आपण? त्यांनी श्वास घेतला, कोरा चेहरा अधिक कोरा केला, आणि शून्यात बघत म्हणाले,

"दूध फ्रिजमध्ये ठेवलं का?"

इस्त्री थांबली.

"काय म्हणालात?"

"दूध. फ्रिजमध्ये ठेवलं का?"

लग्नापासून आजवर सर्व्हेअरांनी दुधाची चौकशी केलेली नव्हती. दूध कुठे असतं हे त्यांना माहीत असल्याचाही पुरावा नव्हता. बायकोने आपल्या कारकिर्दीत अर्धांगवायूचे कितीतरी पेशंट चालते केले होते, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या घरच्यांनी तिला एकच गोष्ट सांगितली होती: आधी अचानक काहीतरी असंबद्ध बोलले.

"ठेवलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "अहो, माझ्याकडे बघा. हसा."

"कशाला?"

"हसून दाखवा!"

सर्व्हेअरांनी हसून दाखवलं. कमी वापरातल्या खिडकीसारखं ते एकाच बाजूने उघडलं.

"अगं बाई! तोंड वाकडं झालं!"

"आई, बाबा असाच हसतो," लेक उशीतून म्हणाली.

"हात वर करा. दोन्ही!"

एका हातात चहा होता. तो वर गेला आणि चहा खाली आला. इस्त्रीच्या टेबलावरून धूर निघायला लागला. सर्व्हेअरांच्या चांगल्या शर्टाच्या पाठीवर इस्त्री तशीच राहिली होती. बायकोने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने जिन्यात जाऊन वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर घरातल्या लेंग्यातच आले. नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली.

"तसं काही दिसत नाही. स्मरण बघू या. साहेब, आत्ता काय बघत होता ते सांगा. सावकाश. एकही गोष्ट वगळू नका."

हे शेवटचं वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं. अर्धवट अहवाल द्यायची सर्व्हेअरांना सवयच नव्हती. आपण ठणठणीत आहोत हे एकदाचं सिद्ध करावं म्हणून त्यांनी सुरुवात केली: वादळ कोणत्या बाजूने आलं, शाळेच्या कोणत्या भिंती गेल्या, गुरुजींनी छत्री कोणत्या हाताने मिटली. बायकोचा चेहरा निवळत गेला. डॉक्टर मान डोलवू लागले. त्या मान डोलवण्याने सर्व्हेअरांना चेव आला.

"...तर गुरुजी पडतात. मग ती निळ्या केसांची बाई दीपगृहात शिरते, जिना उतरून तळघरात जाते, आणि तिथे गुरुजी जिवंत बसलेले असतात. दाढी काढून."

पडद्यावर सातव्या भागाची शेवटची नावं सरकत होती.

"अहो," बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, "गुरुजी गेले. आत्ताच गेले. तुमच्या डोळ्यांदेखत गेले."

डॉक्टर जवळ सरकले आणि फार मायेने म्हणाले, "तुम्हाला गुरुजी दिसले?"

सर्व्हेअरांसमोर आता दोनच रस्ते होते. एकावर लबाडी होती, दुसऱ्यावर मेंदूचा विकार. त्यांनी लेकीकडे बघितलं. तिने उशीतून डोळे तेवढे बाहेर काढले होते आणि ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती. सगळे असंच करतात. तुझ्याबरोबरच फक्त.

"हो," सर्व्हेअर म्हणाले. "दिसले."

"आत्ता दिसतायत का?"

सर्व्हेअरांनी टीव्हीच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"अंधूक."

बायकोने भावाला फोन लावला.

*

हद्दपार मेहुणा दहा मिनिटांत गाडी घेऊन हजर झाला. बहिणीने जिना उतरतानाच त्याला सगळं सांगितलं: दूध, वाकडं तोंड, आणि मेलेले गुरुजी तळघरात जिवंत दिसतात म्हणे, तेही दाढीशिवाय. मेहुणा जिन्यातच थांबला. त्याने कठडा धरला. बहिणीला वाटलं, याला दुःख आवरेना.

बायको पुढे बसली आणि हॉस्पिटलला फोन करू लागली. बाप-लेक मागे बसले. मेहुणा आरशातून मागे बघत गाडी चालवत होता.

"भावोजी, गुरुजींनी दाढी कशाने काढली म्हणालात?"

"मला बोलवत नाही," सर्व्हेअर म्हणाले.

"बोला हो, बोलत राहिलेलं चांगलं असतं. कशाने काढली? शिंपल्यानेच ना?"

"शिंपल्याने काय, मामा! काचेने," लेक म्हणाली. "दीपगृहाच्या फुटलेल्या काचेने."

लाल दिवा लागला. गाडी थांबली. पुढच्या सीटवर बायको फोनवर वय, वजन आणि लक्षणं सांगत होती. मागच्या सीटवर सर्व्हेअरांनी सावकाश मान वळवली. लेक खिडकीबाहेर बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

"तू बघितलायस आठवा?" सर्व्हेअर कुजबुजले.

"तू पण बघितलायस."

"कधी?"

"बुधवारी. तू?"

"मंगळवारी."

"माझ्याआधी?" लेकीचं तोंड उघडंच राहिलं. "बाबा! तू?"

"आणि ते रडणं?"

"रडू येत नव्हतं, म्हणून तर उशी."

आयुष्यभर खोटे धक्के पकडणारे सर्व्हेअर सोळा वर्षांच्या पोरीकडून साफ फसले होते. त्यांना राग यायला हवा होता. तो कुठे सापडेना.

"मैत्रिणीवर एवढी चिडलीस, आणि मग स्वतः का बघितलंस?"

लेकीने सीटबेल्ट उगाच ओढून पाहिला. मग म्हणाली, "गुरुजी मरतात असं तीच कॉलेजात बोलून गेली. मग म्हटलं, आधी बघून ठेवू. म्हणजे तेव्हा टीव्हीकडे बघावं लागणार नाही. तुझा चेहरा बघता येईल."

"माझा?"

"तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी झालेलं बघायचं होतं एकदा."

सर्व्हेअरांनी खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली.

"दुधाचं कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"जरा जास्तच झालं."

"मी परत शनिवारी येऊ ना, भावोजी?" मेहुण्याने आरशातून विचारलं. सर्व्हेअरांनी मान हलवली. या घरात विश्वासाला किंमत होती, आणि ती आता मेहुण्याला ठाऊक झाली होती.

हॉस्पिटलात सर्व्हेअरांना एका नळकांड्यासारख्या यंत्रात सरकवण्यात आलं. आत पडल्या पडल्या त्यांनी कबुलीजबाब तीन प्रकारे जुळवून पाहिला. तिन्हीत लेक अडकत होती. स्वतःपुरतं असतं तर त्यांनी तिथेच बायकोला हाक मारली असती. पण लेकीचं गुपित आता त्यांच्याकडे ठेव म्हणून होतं, आणि अशी ठेव त्यांच्याकडे पहिल्यांदाच आली होती. ते निमूटपणे पडून राहिले. यंत्राने खडखडाट करून त्यांना निर्दोष ठरवलं. "ताण असेल. धक्का बसेल असं काही बघू नका," तिथला डॉक्टर म्हणाला.

*

खरी पंचाईत घरी आल्यावर लक्षात आली. येत्या शनिवारी आठवा भाग लागणार होता. आठव्यात दीपगृह होतं, तळघर होतं, आणि गुरुजी होते.

"आई बघतच नाही लक्ष देऊन," लेक म्हणाली. "इस्त्री करते."

पण बायको आता इस्त्री करणार नव्हती. चांगला शर्ट जाळून तिने तो छंद सोडला होता. शिवाय नवऱ्याची काळजी मिटल्यावर तिला गुरुजींचं दुःख उरलं होतं. "किती भला माणूस होता," ती पेशंटचे गुडघे वाकवताना आठवून म्हणे. तिने एकदा असंही सुचवलं, की आठवा भाग आधी मी एकटी बघते, धक्क्यासारखं काही असलं तर तुम्हाला दाखवायचं नाही. बाप आणि लेक एकसुरात ओरडले, "नियम!"

तिला त्या क्षणी खोलीबाहेर काढायचं ठरलं. दीपगृह दिसताच मेहुण्याने खालून बेल वाजवायची. मेहुणा तयार झाला. शनिवारी मात्र तो सर्वात आधी येऊन सोफ्याचा मऊ कोपरा धरून बसला, कारण खाली उभं राहून बेल वाजवली तर त्याला भाग कसा दिसणार? लेकीने तहान लागल्याचं सांगून पाहिलं. "पाण्याचा तांब्या समोर आहे," आई म्हणाली. तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती.

दीपगृह आलं. निळ्या केसांची बाई जिना उतरू लागली. एक एक पायरी. सर्व्हेअर, लेक आणि मेहुणा यांनी एकमेकांकडे न बघता श्वास रोखला. तळघरातली आकृती वळली. दाढी नव्हती. हनुवटीही नव्हती.

"अरे देवा!" मेहुणा ओरडला.

"गुरुजी!" लेक उशीत कोसळली.

सर्व्हेअरांनी कपाळावर हात मारला.

बायको आता पडद्याकडे बघत नव्हती. ती सर्व्हेअरांकडे बघत होती. तिने रिमोट उचलला, गुरुजींना तिथेच थांबवलं, आणि एक एक शब्द सुटा करत म्हणाली,

"अहो. तुम्हाला हे गेल्या शनिवारी कसं माहीत होतं?"

लेक उशीतून बाहेर आली. तिने बापाचा चेहरा पाहिला आणि तिला हवं होतं ते सगळं एकदाच बघायला मिळालं. सर्व्हेअर कपाळावरचा हात तसाच ठेवून, डोळे विस्फारून बसले होते. त्यांनी काही योजलेलं नव्हतं, काही ठरवलेलं नव्हतं. तोंड आपोआप उघडलं आणि त्यातून आलं,

"दूध फ्रिजमध्ये ठेवलं का?"

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. दूध ओट्यावरच होतं. नासलं होतं.